तिसाच्या आत नाही

सुट्टीत श्वास रोखला जावा असा देखावा ज्यांना हवा असतो, ते कॉर्नवॉलला जातात, नाहीतर थेट स्कॉटलंडला. तिथले कडे काळ्या दगडाचे, पाणी हिरवं, आणि फोटोही चांगले येतात. पूर्व किनाऱ्यावरच्या स्केल्बीचा कडा नुसत्या मातीचा आहे. समुद्र रोज उठून ती माती खातो आणि खाल्लेलं लपवतही नाही, त्यामुळे पाणी दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. श्वास इथेही रोखला जातो, पण तो सकाळी पडदा सरकवताना, कालचं कुंपण आज जागेवर आहे की नाही ते बघताना.

तरीही ओल्डरॉइड कुटुंब त्रेपन्न उन्हाळे इथेच येत होतं. दुसरीकडे जाऊ असं कुणी सुचवलं की हॉरेस ओल्डरॉइड म्हणायचा, "तिकडचे कडे काय, आपण मेल्यावरही असतील. हा बघून घ्यावा." आणि मंडळी पुन्हा स्केल्बीला येत.

एकाहत्तर साली त्याने कड्यावरची ही लाकडी केबिन घेतली तेव्हापासून पहिल्या दिवसाचा एक नेम होता. दार उघडायचं, गॅसवर किटली ठेवायची, आणि पाणी उकळेपर्यंत हॉरेसने केबिनच्या पायरीपासून काठापर्यंत पावलं मोजत जायचं. किटलीची शिट्टी वाजली की परत यायचं आणि कपबश्यांच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने साल आणि आकडा लिहायचा. मग चहा, आणि चहाबरोबर फळांचा केक आणि चीजचा तुकडा. पहिला आकडा एकशे अठराचा होता.

हॉरेस गालिचे बसवणारा. त्याच्या बॅटली गावातल्या निम्म्या जिन्यांवरचे गालिचे त्याच्या हातचे. त्याचं पाऊल म्हणजे बरोबर एक वार, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त, आणि नुसतं चालून खोली मोजली तरी कापलेला गालिचा भिंतीला चिकटून बसायचा. असल्या माणसाचा आकडा कोण तपासणार?

गेल्या नोव्हेंबरात हॉरेस गेला. या वर्षी मोजायचं काम त्याच्या मुलीवर, ग्लेनिसवर, आलं.

ग्लेनिस बासष्टची होती. लीड्सच्या बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. तिथे बसून माणूस एकतर कंटाळतो नाहीतर चौकस होतो. ग्लेनिस इतकी चौकस झाली की एकदा नुसत्या कवळीवरून तिने मालक शोधून काढला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती खोड गेली नव्हती.

जूनच्या पहिल्या शनिवारी ती शहाऐंशी वर्षांच्या आईला, विनिफ्रेडला, घेऊन आली. कड्यावरच्या केबिनींच्या वसाहतीच्या फाटकाशी बॅरीने गाडी थांबवली. बॅरी इथला व्यवस्थापक. इथेच लहानाचा मोठा झाला, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी विनिफ्रेड त्याची विनीमावशीच होती. मावशीशी तो हवेपाण्याचं बोलला, आणि तिचं लक्ष नाही असं बघून ग्लेनिसच्या हातात एक पाकीट सरकवलं. नंतर वाच म्हणाला.

केबिनशी आल्यावर आई म्हणाली, बॅग राहू दे गाडीत, आधी चहा. ग्लेनिसला नवल वाटलं. आजवर आईचं पहिलं काम म्हणजे गाद्यांवर चादरी घालणं, त्याशिवाय ती कुणाला टेकूही द्यायची नाही. पण नवरा गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा, त्यात माणसाचे नेम इकडेतिकडे व्हायचेच, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. आई वॉकर ढकलत आत गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. ही खुर्ची नेहमी समुद्राकडे पाठ करून असे. त्रेपन्न वर्षं विनिफ्रेडने स्केल्बीच्या समुद्राला पाठच दाखवली होती, आणि तोंड विणकामाकडे.

ग्लेनिसने किटली ठेवली आणि ती पायरीवर येऊन उभी राहिली. गेल्या वर्षीचा आकडा होता एकतीस. आपण बाबांहून बुटक्या, तेव्हा पस्तीस-छत्तीस भरतील, असा हिशेब करून ती निघाली.

दहा पावलांत काठ आला.

ती परत पायरीशी गेली आणि काठाआधीची खुंट्यांची दोरी पुन्हा ओलांडून तिने मोजलं. साडेदहा. पायाखाली, खूप खाली, तपकिरी पाणी मातीच्या ढेकळांशी खेळत होतं. आत किटलीने शिट्टी मारली.

"किती?" आईने सुईवरची नजर न काढता विचारलं.

मोजताना चुकले, चहा झाला की परत जाते, असं ग्लेनिस म्हणाली.

"तुझे बाबा चुकायचे नाहीत," आई म्हणाली, आणि टाके मोजू लागली.

या साध्या प्रश्नाला ग्लेनिस इतकी का घाबरली, ते सांगायला हवं. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात पुढच्या रांगेतली हॉजसन मंडळींची केबिन एका वादळात कड्यावरून खाली गेली. सुदैवाने आत कुणी नव्हतं. ईस्टरला ओल्डरॉइड आले तेव्हा हॉजसनबाईंचे फुलाफुलांचे पडदे अजून उतारावर लटकत होते. ते बघून विनिफ्रेडची पाचावर धारण बसली. त्याच दिवशी तिने नवऱ्याकडून शब्द घेतला, की आपला आकडा तिसाच्या आत आला की इथे एक रात्रही काढायची नाही. तीस हा आकडा तिने कुठून आणला देव जाणे. पण शब्दाची ती फार पक्की. हॉरेसने शब्द दिला, आणि ती पुन्हा कधी काठाकडे फिरकली नाही.

आणि ग्लेनिसला तर आईला हा एक उन्हाळा द्यायचाच होता. सगळा हिवाळा आई बॅटलीच्या घरात कोट घालून बसून राहिली होती, जेवण पुढे ठेवलं तर खायची, नाही ठेवलं तर विचारायचीही नाही. स्केल्बीचं नाव काढल्यावरच तिने पहिल्यांदा विणकामाची पिशवी मागितली. आता दहा असं सांगितलं की ती उठून गाडीत जाऊन बसणार, यात शंका नव्हती. मग पुन्हा तो कोट आणि ती खुर्ची.

संडासात कडी लावून ग्लेनिसने बॅरीचं पाकीट फोडलं. आत छापील पत्र होतं. आपल्या केबिनचं काठापासूनचं अंतर आठ पूर्णांक दोन मीटर असून दहा मीटरच्या आतल्या सर्व केबिनी हंगाम संपताच पाडण्यात येतील, तरी सहकार्य करावं. म्हणजे ऑक्टोबरनंतर हे घर नाहीच. ते वाईट होतंच, पण तिला खरा चावला तो आकडा. गेल्या वर्षी एकतीस वार, आणि यंदा जेमतेम नऊ? एका हिवाळ्यात बावीस वार गेले असते तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोंब ठोकली असती.

खणात बाबांचा पोलादी टेप होता, कडेला अजून लाल गालिच्याचे धागे अडकलेले. आई पेंगतेय असं बघून तिने तो पायरीला अडकवला आणि काठापर्यंत नेला. नऊ वार भरले. टेप खोटं बोलत नाही आणि म्हातारा होत नाही.

मग तिने कपाट उघडून, कप बाजूला सारून, दाराला नाक लावलं. खिडकीमागे बसून एखादी पिशवी उलगडावी तसे ती आकडे उलगडू लागली. एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे चौदा. समुद्र आपला नेमाने वर्षाला दोन वार खात आला होता. चौऱ्याण्णवला बाहत्तर. पंच्याण्णवला मात्र एकाहत्तर, पुढे सत्तर, मग पुन्हा सत्तर. तिथून समुद्राची भूक जणू मंदावली होती. आणि ही सगळी मंडळी, ग्लेनिस धरून, दरवर्षी कपाटात डोकं घालून म्हणत होती, वा, अजून बरंच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. काठ खिडकीतून दिसत होता, पण गालिचेवाल्याच्या आकड्यापुढे स्वतःच्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. शिवाय हळूहळू सरकणारी गोष्ट रोज बघणाऱ्याला दिसतच नाही.

तिला वाटलं, बाबा म्हातारे झाले, पाऊल आखूड झालं, बिचाऱ्यांना कळलंही नसेल. ही समजूत तिला आवडली. पण डेपोतल्या अठ्ठावीस वर्षांनी ती टिकू दिली नाही. पंच्याण्णव साली बाबा साठीचे होते. त्याच साली त्यांनी नगरपालिकेच्या सभागृहाचा गालिचा एकही सांधा न दाखवता बसवला होता. तिकडे पाऊल वाराचं आणि इकडेच आखूड, असं कसं?

दूध आणते असं सांगून ती बॅरीकडे गेली. तो कुंपणाच्या खुंट्या रंगवत होता. तिने पत्राबद्दल काही न विचारता बाबांबद्दल विचारलं. बॅरीने ब्रश डब्यात ठेवला आणि बराच वेळ हात पुसला.

"हॉरेसकाकांचा दर जानेवारीत फोन यायचा," तो म्हणाला. "वादळं होऊन गेली की. म्हणायचे, बॅरी, मापाच्या चाकाने मोज आणि खरा आकडा सांग. आणि तुझ्या मावशीला बोललास तर याद राख."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं."

"इंचाइंचाने ठाऊक होतं."

ग्लेनिस खाली गवतात बसली. जन्मात एक इंच खोटा न कापलेला माणूस एकोणतीस वर्षं किटली उकळेपर्यंत मुद्दाम तोकडी पावलं टाकत होता, आणि किती तोकडी टाकली म्हणजे तिसाच्या वर राहू, हा हिशेबही तो आधीच करून येत होता. तिला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. बॅरीने रुमाल पुढे केला, पण त्याला रंग लागलेला होता.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "सांगू की नको ते कळत नाही."

"सांग. मला आता झोप येणार नाहीच."

"काकांचा फोन ठेवला की आठवड्याभरात मावशीचा यायचा. तोच प्रश्न. आणि काकांना बोललास तर याद राख, हेही तेच. पंचवीस-तीस वर्षं दोघांना सांभाळलंय मी. या जानेवारीत एकटीचाच आला."

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. नऊ वार."

ग्लेनिस दूध न घेताच परतली. वाटेत तिला गाडीत राहिलेली बॅग आठवली, आणि न घातलेल्या चादरी. आई राहायला आलीच नव्हती. ती फक्त चहा प्यायला आली होती.

आई जागी होती. विणकाम पिशवीत गेलं होतं आणि पिशवी मांडीवर होती.

"दूध कुठाय?" तिने विचारलं.

"आई, तुला माहीत होतं."

"काय काय माहीत होतं ते विचार, म्हणजे सांगते. शहाऐंशी वर्षांत पुष्कळ काही साचलंय."

ग्लेनिस समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, बाबांची पावलं.

आईने खिडकीकडे बघितलं, समुद्राकडच्या नव्हे, दुसऱ्या. लग्नाआधी हॉरेसबरोबर फिरायला गेलं की आपल्याला मागे धावावं लागायचं, इतकी त्याची ढांग लांब, असं ती सांगू लागली. आणि पंच्याण्णवच्या ईस्टरला ती भांडी धूत होती, सहज बाहेर बघितलं, तर हा बाबा कोंबडीसारखा तुरुतुरु चाललेला. तिच्या हातातला कप पडायचाच बाकी होता. त्याला वाटायचं पाठमोऱ्या बाईला काही दिसत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर शब्द पाळावा लागला असता. त्यालाही आणि मलाही."

"म्हणजे तुलाही इथेच राहायचं होतं? तुला तर समुद्राचा तिटकारा."

"समुद्र मला कधीच आवडला नाही. सगळीकडे वाळू होते." आईने पिशवीची नाडी ओढली. "पोरी, तुझे बाबा पंचेचाळीस वर्षं गुडघ्यांवर होते. लोकांच्या जिन्यांवर, लोकांच्या पलंगांखाली. मी घरी त्यांची पाठ नाहीतर डोकं बघायची. इथे आले की दिवसभर उभे. कंबरेवर हात ठेवून त्या घाणेरड्या पाण्याकडे बघत उभे. भांडी धुता धुता मला ते उभे असलेले बघायचे असायचे. म्हणून मी टाके मोजत गप्प बसायची."

आईने वॉकर जवळ ओढला.

"पण आता ते नाहीत, आणि आकडा तू मोजलायस. तुला तोकडं पाऊल टाकता येत नाही, तू सरळ पोरगी आहेस. नऊ म्हणजे नऊ आणि शब्द म्हणजे शब्द. चल, उजेड आहे तोवर निघू."

एकतीस आहेत असं म्हणावं, हे ग्लेनिसच्या ओठांवर आलं होतं. पण समोरची बाई एकोणतीस वर्षं त्या खोटेपणाची वाटेकरी होती, तिच्यापुढे आपलं कच्चं खोटं काय टिकणार? मग तिची जुनी खोड वर आली. आईने तो काठ स्वतः शेवटचा कधी बघितला होता, असं तिने विचारलं.

पडदे लटकले होते तेव्हा, आई म्हणाली. नंतर कधीच नाही.

"मग जाताना एकदा बघून तरी ये. बाबा त्रेपन्न वर्षं काय बघत उभे राहायचे ते."

आईने नाक मुरडलं, पण ती उठली. पायरीवरून तिला धरून उतरवावं लागलं. गवत आखूड कापलेलं होतं, तरी वॉकरची पुढची चाकं अडखळत होती. आधी वॉकर वीतभर पुढे, मग उजवा पाय, मग त्याच्या जरासा पुढे डावा, मग थांबून श्वास. आणि जन्मभराची सवय म्हणून ती टाके मोजावेत तशी पुटपुटत होती. एक. दोन. तीन. ग्लेनिस कोपर धरून बाजूने चालत होती. वारा जमिनीकडून होता, म्हणून तिला फार भीती वाटली नाही.

बारा झाले तेव्हा अर्धं अंतरही सरलं नव्हतं. ग्लेनिसच्या ते आत्ता ध्यानात आलं. तिने मागे वळून पायरी बघितली, पुढे खुंट्या बघितल्या, आणि मग ती आईचा आकडा आईहून जास्त लक्ष देऊन ऐकू लागली. एकोणीसला आई दम खायला थांबली. तिला घाई करायला लावावी की नाही, हे ग्लेनिसला कळेना, म्हणून ती नुसती कोपर धरून उभी राहिली. चोवीस. पंचवीस. शेवटी बॅरीच्या खुंट्यांना बांधलेली दोरी आली. काठ तिथून वारभर पुढे होता, आणि दोरीच्या पलीकडे जायला सक्त मनाई होती.

"सत्तावीस," आई म्हणाली, आणि तिने मान वर केली.

भरती होती. सूर्य त्यांच्या पाठीशी होता आणि केबिनची सावली पार पाण्यावर पडली होती. दूरवर दोन्ही बाजूंना तो मातीचा कडा तुटलेल्या पावासारखा पसरला होता. जिथे हॉजसनांचं घर होतं तिथे आता समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. विनिफ्रेड बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

"अगदी चहा," ती म्हणाली. "आणि तोही तुझे बाबा करायचे तसला, दूध जास्त."

मग तिने खाली दोरीपलीकडे बघितलं. पुढे गवताची एक पट्टी होती, आणि मग काही नव्हतं. तिने आधी ती पट्टी आणि मग आपल्या पायातले बूट नीट निरखले, दुकानात कापड बघतात तसे.

"तीन," ती म्हणाली. "माझी तीन होतील."

ग्लेनिसनेही ती पट्टी निरखली. वारभर जागा होती. त्यात आईची तीन पावलं मावत होती, त्यात कुठेही लबाडी नव्हती.

"तीन," तिने कबूल केलं.

"म्हणजे तीस."

"तीस."

"तीस म्हणजे तिसाच्या आत नव्हे."

"नव्हे, आई."

विनिफ्रेडने वॉकरचे दांडे घट्ट धरले आणि पायाखालच्या जमिनीचा भरवसा वाटल्यासारखी ती सरळ उभी राहिली.

"मग बघत काय बसलीयस?" ती म्हणाली. "मला पायरीपर्यंत सोड, आणि गाडीतून बॅग घेऊन ये. चादरी आधी झटक. वाळू असते."